नानांना ऐकू येतं, पण कळत नाही

सातारी_कंदी

जरा वैतागून लिहितेय, सांभाळून घ्या.

नाना म्हणजे माझे सासरे, वय 78. गणिताचे मास्तर होते. नोकरीत किती पोरांचे कान पिळले असतील त्याला गणती नाही, आणि आता त्यांच्याच कानांवरून घरात रोज महाभारत. "नाना, चहा ठेवू का?" "दहा? अजून आठसुद्धा वाजले नाहीत." "शाल आणू का?" "चाल? कुठे जायचंय?" पहिल्यांदा हसू येतं. दिवसात तिसऱ्यांदा नाही येत.

डोक्यात जाणारी गोष्ट ही, की ते ठार बहिरे नाहीत. दाराची बेल ऐकू येते. खाली कुणाची गाडी लागली ते कळतं. नवरा खोलीत बसून मुदतठेवीचं बोलत होता, तर लगेच, "किती टक्के देतायत?" आई (सासूबाई) म्हणतात, "त्यांना हवं तेवढंच ऐकू येतं. लग्न झाल्यापासून असंच आहे."

मागच्या महिन्यात कळस झाला. मोरीची फरशी बदलायला माणूस आला होता. मी ऑफिसात, आई देवळात. त्याने नानांना विचारलं, देवघरातली पण काढू का? नाना म्हणाले, "हो हो, बरं बरं." संध्याकाळी घरी येऊन बघते तर चाळीस वर्षांची शहाबादी फरशी तुकडे होऊन अंगणात. नानांना विचारलं तर म्हणाले, "मला वाटलं, चहा घेऊ का विचारतोय."

ऑनलाइन दीड हजाराचं कानाचं एक यंत्र मागवलं होतं. दोन दिवस लावलं. "भांडी डोक्यात आपटतायत" म्हणाले आणि काढून टीपॉयवर ठेवलं, ते तिथेच आहे. ओरडून ओरडून माझा घसा बसलाय, आणि ओरडलं की वर "ओरडतेस कशाला" हेही ऐकायचं. यात खरं किती आणि सोंग किती, कुणी सांगेल का?

शंकासुर

नव्वद टक्के सोंग. आमचे आजोबा पेन्शनची तारीख विचारली की बहिरे व्हायचे आणि आंबरस म्हटलं की तीन खोल्यांपलीकडून ऐकू यायचं.

माहेरवाशीण_७६

कोमट तेल घालून बघा रात्री. आमच्याकडे लसूण घालून कडकडीत करायचे आणि निवलं की दोन थेंब.

कर्णपिशाच्च

आधी तेलाचं. कृपा करून घालू नका. पडद्याला भोक असेल तर ते आत जातं आणि कान वाहायला लागतो. मळाचंही तेच. कानातली कातडी सावकाश बाहेरच्या दिशेनेच सरकत असते आणि मळ आपोआप बाहेर येतो, आपण काड्या घालून त्याला आत ढकलतो. मळाचा बोळा बसलाच असेल तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे पाच मिनिटांत निघतो. पहिल्यांदा तेवढं बघून घ्या.

आता सोंगाचं. मी ऑडिओलॉजिस्ट आहे, म्हणजे ऐकण्याची तपासणी करणारा, रोज दोन-तीन नाना तरी येतात. जवळजवळ सगळ्यांच्या घरचे हेच वाक्य बोलतात: हवं ते बरोबर ऐकू येतं. जरा सविस्तर लिहितो.

आवाज पडद्यावर आदळतो, तिथून हातोडी, ऐरण आणि रिकीब अशा तीन हाडांतून आत जातो. रिकीब म्हणजे अंगातलं सगळ्यात लहान हाड, जेमतेम तीन मिलिमीटर. त्याच्यापुढे गोगलगाईच्या शंखासारखी, अडीच-पावणेतीन वेढ्यांची नळी. तिच्यात द्रव आणि केसासारखे तंतू असलेल्या पेशी, एका कानात पंधरा-सोळा हजार. शंखाच्या तोंडाशी बसलेल्या पेशी उंच आवाज टिपतात, आत टोकाशी गेल्यावर खर्जातले. वयानुसार आधी जातात त्या तोंडाशी बसलेल्या. आणि माणसात त्या परत उगवत नाहीत. (कोंबडीच्या उगवतात. आमच्या क्षेत्रातल्या लोकांना कोंबडीचा फार हेवा वाटतो.)

आता बोलण्याकडे या. आ, ई, ऊ हे स्वर खालच्या पट्टीत असतात आणि जोरकस असतात. स, श, च, ख, थ, फ यांचा जीव मुळात लहान आणि त्यांचा घर्षणाचा भाग वरच्या पट्टीत. नानांच्या कानात स्वर पोचतात आणि ही व्यंजनं गळतात. लिहून दाखवायचं तर काना, मात्रा, वेलांटी तेवढी उरते आणि अक्षर पुसलं जातं. चहा, सहा, दहा: शेवटचा "हा" पोचला, पहिलं अक्षर गायब. मग मेंदू त्या वेळी जे शक्य वाटेल ते भरतो. शाल, चाल, साल, खाल यांचंही तेच. तुमच्या नानांची दोन्ही उदाहरणं माझ्या क्लिनिकच्या भिंतीवर लावावी इतकी नेमकी आहेत.

म्हणून बेल ऐकू येते, गाडी कळते, बोलणं मात्र कळत नाही. मुदतठेवीचं का कळलं? पुरुषी आवाज, खोली शांत, विषय ओळखीचा, आणि टक्के हा शब्द त्यांच्या हाडामांसातला. गाळलेल्या जागा भरायला एवढं सामान पुरतं. तुम्ही स्वयंपाकघरातून, पाठमोरं, कुकरच्या शिट्टीत विचारलंत की काहीच हाताशी नसतं.

ओरडल्याने काय होतं? स्वर आणखी मोठे होतात, व्यंजनं जवळपास तिथेच राहतात. शिवाय या पेशी कमी झाल्या की हळू आवाज ऐकू येत नाही, पण मोठा आवाज इतरांइतकाच किंवा जास्तच बोचतो. "जरा मोठ्याने बोल" आणि "ओरडतेस कशाला" यांतलं अंतर त्यांच्यासाठी अगदी अरुंद असतं. दोन्ही वाक्यं खरी असतात.

तपासणी होईपर्यंत एवढं करा. आधी हाक मारा, त्यांनी बघितलं की मग बोला. तीन-चार फुटांवर, तोंडावर उजेड असू दे, खिडकीला पाठ करून उभं राहू नका. टीव्ही बंद. एकदा नाही कळलं तर तेच वाक्य मोठ्याने म्हणू नका, शब्द बदला. "चहा ठेवू का" ऐवजी "दूध आलंय, चहा करतेय, घेणार का?" लांब वाक्यात पकडायला जास्त जागा मिळतात.

शंकासुर

आंबरस या शब्दात स आहे की हो.

कर्णपिशाच्च

@शंकासुर, आहे ना! पण मे महिना होता, दुपारची साडेबारा वाजली होती आणि घरभर वास सुटला होता. आजोबांना अक्षरांची गरजच नव्हती.

धोटा_कांडी

इचलकरंजीचा आहे. आमच्याकडे हा आजार म्हणत नाहीत, हा पगाराचा भाग.

वडील एकतीस वर्षं मागावर होते. जुने साधे माग, धोटा इकडून तिकडे आदळला की खट्, असे एका छपरात चोवीस. शेडमध्ये कुणी बोलत नसे. ओठ आणि हात. कांडी संपली, तार तुटली, मालक आला, चहा आला, प्रत्येकाला खूण. मी लहानपणी डबा घेऊन जायचो तर वडील मला बारा मागांपलीकडून विचारायचे "आईने कांदा घातलाय का", निव्वळ ओठांनी, आणि मला कळायचं. आवाज काढून बोलायचंच नाही अशी सवय.

घरी आले की उलटं. सगळं गाव मोठ्याने बोलतं ते त्यामुळेच. बाहेरचा पाहुणा आला की त्याला वाटतं भांडण चाललंय.

शेवटी शेवटी कान तपासला तर आलेख 4000 च्या आकड्याला (सेकंदाला 4000 कंपनं, म्हणजे उंच सूर) विहिरीत पडल्यासारखा खाली गेलेला आणि 8000 ला परत जरा वर. डॉक्टरांनी न विचारताच सांगितलं, "कारखान्यात होता ना?" पण गंमत म्हणजे वडिलांची कधी फार अडचण झाली नाही. तोंड समोर असलं की सगळं वाचायचे. फोनवर मात्र शून्य. मास्क लावायचे दिवस आले तेव्हा पहिल्यांदा म्हणाले, "आता मी बहिरा झालो."

कर्णपिशाच्च

@धोटा_कांडी, ती 4000 ची विहीर गोंगाटाने गेलेल्या कानाची सहीच असते. 85 डेसिबलला आठ तास ही साधारण मर्यादा धरतात, त्यापुढे दर 3 डेसिबलला वेळ निम्मी: 88 ला चार तास, 91 ला दोन. चोवीस मागांच्या शेडचा हिशोब तुम्हीच करा.

मिसळ_कट्टा

मग मिरवणुकीत डीजेच्या भिंतीसमोर पाच तास नाचणाऱ्यांचा पण करा हिशोब. रहिवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलचा नियम 2000 सालापासून आहे म्हणे. आमच्या चौकात 55 तर भाजीवाल्याचा असेल.

अर्धा_कान

शक्यतो लिहीत नाही, वाचतो फक्त. पण "हो हो, बरं बरं" वाचलं आणि राहवलं नाही.

माझा डावा कान 41 व्या वर्षी एका रात्रीत गेला. सकाळी उठलो तर दडा बसलेला, जसा घाट चढताना बसतो तसा. आत शिट्टीसारखा आवाज. सर्दी असेल म्हणून वाफ घेतली, च्युइंगम चघळलं. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी थेंब दिले. तीन आठवडे गेले. नंतर मोठ्या ठिकाणी दाखवलं तर म्हणाले, पहिल्या काही दिवसांत यायला हवं होतं. स्टेरॉइड लवकर सुरू केलं तर काही जणांचं ऐकणं परत येतं, माझी वेळ टळली होती. इथे कुणाचा एक कान अचानक बंद झाला, तर सर्दी-बिर्दी न म्हणता त्याच दिवशी ऐकण्याची तपासणी करून घ्या, एवढ्यासाठी तरी हे लिहितोय.

एक कान असला की लोकांना वाटतं काम भागतं. शांत खोलीत भागतं. पण आवाज कुठून आला ते कळत नाही. फोन घरात वाजतोय हे कळतं, कुठे ते नाही. मी चारही खोल्या फिरतो. रस्ता ओलांडताना हॉर्न सगळीकडूनच येतो. दोन कानांत आवाज पोचायला जो अर्ध्या मिलिसेकंदाचा वगैरे फरक पडतो, त्यावर दिशा कळते म्हणे. मला तो फरकच नाही.

आणि लग्नाची पंगत. तिथे मी "हं" वर जगतो. समोरचा बोलतो, मी त्याचा चेहरा बघतो. हसला की हसतो, भुवया चढल्या की "अरे बापरे" म्हणतो, आणि मधे मधे हं, हं. एकदा एक गृहस्थ बराच वेळ बोलत होते, मी हं हं करत होतो, मान डोलावत होतो, शेवटी ते हसले म्हणून मीही मोठ्याने हसलो. ते हसलेच नव्हते. ते रडू आवरत होते. बायको गेली होती त्यांची, महिन्यापूर्वी.

"काय म्हणालात?" एकदा विचारता येतं. दोनदा विचारलं की समोरच्याच्या आवाजात फरक पडतो. तिसऱ्यांदा "जाऊ दे, काही नाही" येतं. ते "जाऊ दे" ऐकायला नको म्हणून माणूस "बरं बरं" म्हणतो. नानांनी फरशीवाल्याला का हो म्हटलं ते मला बरोबर कळलं.

सातारी_कंदी

@अर्धा_कान, तुमचा प्रतिसाद नवऱ्याला वाचून दाखवला. आम्ही दोघंही दिवसातून चारदा "जाऊ दे" म्हणतो.

शंकासुर

माझा वरचा प्रतिसाद मागे घेतो. नव्वद टक्के नाही. (आंबरसाचे पाच टक्के ठेवतो.)

खर्जातला

थोडं अवांतर, पण पूर्ण नाही.

मी गाणं शिकायला लागलो तेव्हा गुरुजींनी पहिले दोन महिने गायलाच दिलं नाही. तानपुरा छेड आणि गंधार (सा रे ग मधला ग) ऐकू आला की सांग. मी म्हटलं, तारा पंचम आणि षड्जाच्या, गंधार कुठून येणार? छेडत बसलो. पंचमाची तार, मग षड्जाच्या दोन सारख्या तारा (जोड), शेवटी सगळ्यात खालच्या षड्जाची, खर्जाची. काही नाही. कधी ते येऊन घोडीवर तारेखालचा दोरा केसभर सरकवायचे, जवारी (तारेचा घुमारा) उघडायची, परत छेड. सहा-सात आठवड्यांनी एका सकाळी खर्जाची तार वाजून मावळताना वर कुणीतरी बारीक आवाजात "ग" म्हटलं. मी मागे वळून बघितलं, शप्पथ. आणि त्यानंतर तो ऐकू न येणं मला जमेना.

तो असतोच. खर्जाच्या तारेत तिच्या पाचपट कंपनांचा एक सूर दडलेला असतो. खर्ज सेकंदाला 70 कंपनांचा धरला तर 350, तो हाच. हार्मोनियमचा गंधार त्याच्याहून जरासा चढा, 353 च्या आसपास, म्हणून जुने लोक पेटीवर नाक मुरडायचे. मुद्दा असा की माझे कान तेव्हाही ठणठणीत होते. पहिल्या दिवशी आणि पन्नासाव्या दिवशी तोच आवाज आत जात होता. ऐकू येत नव्हता, कारण काय शोधायचं ते डोक्याला माहीत नव्हतं.

तानसेन नाही झालो, कानसेन थोडाफार झालो. आता आमच्या गुरुजींनाच ऐकायला कमी येतं. तानपुरा मात्र अजून ते माझ्याहून चांगला लावतात, कपाळ डांडीला टेकवून.

कर्णपिशाच्च

@खर्जातला, हे अजिबात अवांतर नाही. कपाळ टेकवलं की आवाज हाडातून थेट आतल्या कानात जातो. आणि यंत्र घेणाऱ्या प्रत्येक माणसाला तुमचे दोन महिने लागतात. वर्षानुवर्षं जे आवाज मेंदूपर्यंत गेलेच नाहीत ते एका दुपारी सगळे एकदम येतात: पंखा, पिशवीची चुरचुर, स्वतःची चप्पल. डोक्याला कळत नाही यातलं ठेवायचं काय आणि टाकायचं काय. लोक चौथ्या दिवशी यंत्र डबीत घालतात आणि पैसे पाण्यात गेले म्हणतात.

दीड हजाराचं यंत्र सगळंच सरसकट मोठं करतं. नानांना स आणि श हवाय, त्याने त्यांना भांडी मोठी करून दिली. आलेख काढून, जिथे कमी आहे तिथेच भर घालून लावलेलं यंत्र वेगळं.

माहेरवाशीण_७६

पण किमती? आमच्या काकांना दुकानात दोन कानांचे सव्वा लाख सांगितले. सरकारी काही मिळत नाही का?

कर्णपिशाच्च

पंचवीस-तीस हजारांतही कामापुरतं मिळतं, सगळ्यांना सव्वा लाखाची गरज नसते. दारिद्र्यरेषेखालच्या ज्येष्ठांसाठी 2017 पासून राष्ट्रीय वयोश्री योजना आहे, त्यात श्रवणयंत्र येतं. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग ही श्रवणदोषांवर काम करणारी सरकारी संस्था आहे, तिथेही चौकशी करा. अपंगत्वाच्या दाखल्याचं मात्र अवघड. 2016 च्या अपंगांच्या हक्कांच्या कायद्यात दोन्ही कानांतली ऐकण्याची घट 60 डेसिबलच्या पुढे गेली तरच गणना होते. बहुतेक नाना 45-50 वर अडकतात. घरादाराला वैताग पूर्ण, कागदावर काही नाही.

सातारी_कंदी

अपडेट. नेलं एकदाचं. दोन्ही कानांत मळ होता, तो काढला. "मोकळं वाटतंय" म्हणाले, फरक विशेष नाही.

मग गादीसारख्या भिंतींच्या एका खोलीत बसवलं. कानाला हेडफोन, हातात बटण, आवाज आला की दाबायचं. मी काचेबाहेर उभी. मला बाहेर यंत्रावर दिसत होतं कधी आवाज सोडला ते. सुरुवातीला नाना पटापट दाबत होते. मग सुरांचे आकडे वर सरकले तसे थांबले. तपासणारी मुलगी आवाज वाढवत होती आणि नाना समोर बघत बसलेले, परीक्षेला पोरं बसतात तसे, अंगठा बटणावर तयार. काहीच येत नव्हतं त्यांना. आवाज चालू होता आणि ते वाट बघत होते. माझ्या पोटात कसंतरी झालं.

कागदावर लाल गोळे (उजवा कान) आणि निळ्या फुल्या (डावा कान), कागदाच्या डावीकडे खालच्या सुरांना बऱ्या, उजवीकडे उंच सुरांना घसरगुंडी. नंतर तिने तोंडापुढे कागद धरून पंचवीस शब्द म्हटले, नानांनी परत म्हणायचे. चौदा बरोबर. मग कागद काढला आणि दुसरे पंचवीस. एकवीस! नानांनी लगेच हिशोब केला, "छप्पन टक्के आणि चौऱ्याऐंशी टक्के." बाहेर येताना म्हणाले, "पोरं माझ्याकडे न बघता बोलतात, तिथे अठ्ठावीस मार्क जातात." गणिताचे मास्तर शेवटी.

कानामागे बसणारी दोन यंत्रं घेतली. पहिले काही आठवडे रोज थोडा थोडा वेळ वाढवत न्या म्हणालेत.

धोटा_कांडी

वा. दोन्ही कानांना घेतलंत ते बरं केलंत. आम्ही वडिलांना एकच घेतलं होतं, पैशांमुळे.

सातारी_कंदी

पाच आठवड्यांनंतर.

पहिला आठवडा वाईट गेला. वर्तमानपत्राचं पान उलटलं की दचकायचे. दुसऱ्या आठवड्यात दोनदा परत जाऊन यंत्र जुळवून आणलं. भाजी मंडईत अजूनही काढून खिशात ठेवतात, लग्नातही ठेवतील. पण घरात आठ-नऊ तास लावतात. चहाला चहा म्हणतात. नातवाचा आवाज (सहा वर्षांचा, बारीक, भरभर बोलतो) अजून निम्मा निसटतो, म्हणून तो आता नानांच्या मांडीवर चढतो, त्यांची हनुवटी स्वतःकडे वळवतो आणि मग बोलतो. त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

अडचण वेगळीच झालीय. आईंना इतक्या वर्षांत पुटपुटायची सवय लागली होती. नानांच्या पाठीमागे, भांडी घासताना, देवापुढे. परवा त्या ओट्याशी उभ्या राहून काहीतरी म्हणाल्या आणि बाहेरच्या खोलीतून नाना म्हणाले, "तुझ्या भावाने पण दिले नव्हते ते पैसे." स्वयंपाकघरात पूर्ण शांतता. आता आई मला विचारतायत, त्या यंत्राला बंद करायचं बटण असतं का.

दुसरं, बॅटरी चार दिवसांतच संपतेय. पाकिटावर तर आठवडाभर लिहिलंय.

कर्णपिशाच्च

बटण असतं, पण ते नानांकडेच राहू द्या.

बॅटरीवर मागे रंगीत चिकटपट्टी असते. ती काढली की लगेच यंत्रात घालताय का? या बॅटऱ्या हवेवर चालतात. पट्टी काढून मिनिटभर टेबलावर उघडी ठेवा, मग घाला. एकदा काढलेली पट्टी परत लावून उपयोग नसतो. आणि रात्री यंत्राचं बॅटरीचं झाकण उघडं ठेवता का? नाहीतर यंत्र रात्रभर चालूच राहतं.

सातारी_कंदी

नाही, बंदच असतं. नाना रात्री यंत्र डबीत आणि डबी कपाटात कुलूप लावून ठेवतात. किंमत कळलीय त्यांना.

कर्णपिशाच्च

कुलूप राहू द्या, झाकण उघडं ठेवा.